गावभर ठेवलेली प्रत

मी बावन्न वर्षांचा असताना माझ्या आईला माझी पालक म्हणून एका कंपनीला हमी द्यावी लागली. "माझा मुलगा कॉम्प्युटर माझ्या देखरेखीखाली वापरेल," असं ती फोनवर खणखणीत आवाजात म्हणाली आणि वर, "तसा तो कुणाचं ऐकत नाही, पण मी बघते," अशी स्वतःची पुस्तीही जोडली. मी शेजारीच उभा होतो. डोक्यावर जे काही उरलंय ते पांढरं, नाकावर चष्मा, हातात रक्तदाबाची गोळी. हे सगळं आज मी हसत सांगू शकतो यात माझं कर्तृत्व काही नाही. ज्यांचं आहे त्यांचे आभार मानायला म्हणून हे लिहायला घेतलंय. तोंडी मानायला गेलो की प्रत्येक जण चहा टाकतो आणि मूळ मुद्दा राहतो.

आमचं रंगाचं दुकान आहे. म्हणजे पाटीवर नाव माझं आणि दुकान बायकोच्या जिवावर. कंपन्यांचे ठरलेले रंग काय, कुठेही मिळतात. छापील तक्त्यावर बोट ठेवायचं, यंत्र पांढऱ्या रंगात नेमके थेंब सोडतं आणि डबा घुसळून देतं. पण एखादं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "हा नको हो. जरा असा... म्हणजे उन्हाळ्यात थंड वाटेल, पण थंडीत उदास नाही वाटणार, असा." अशा वेळी मला तहान लागते आणि मी पाणी प्यायला आत जातो. मग ती पुढे होते. खोलीला खिडक्या किती, दुपारी तिथे कोण झोपतं, घरात कुणाचं कुणाशी पटत नाही, असं काहीबाही विचारते, यंत्राला थेंब सांगते आणि ती कृती कॉम्प्युटरमध्ये नोंदवून ठेवते. असे तिचे स्वतःचे कितीतरी रंग झाले होते. नावंही तिचीच. 'शाळा सुटली' नावाचा एक पिवळा, 'ताप उतरला' नावाचा फिकट हिरवा. 'सासूबाई झोपल्या' नावाचा एक शांत करडा निळा तर अतोनात खपतो. आई रोज दुकानात डोकावते, त्यामुळे त्या डब्यावर मी नुसतं 'सा. झो.' लिहितो.

माणूस असा रंग एकदा नेतो आणि काही वर्षांनी परत येतो. एका भिंतीला ओल लागलेली असते, नाहीतर नातवाने चित्रकला दाखवलेली असते. त्याला तोच रंग हवा असतो. तसाच नाही, तोच. थेंबाचा फरक पडला तरी जुन्या-नव्याच्या सांध्यावर तो उठून दिसतो आणि आयुष्यभर डोळ्यांत खुपतो. तो रंग आमच्याकडे मिळतो म्हणून लोक समोरचं दुकान सोडून आमच्याकडे येतात. ब्रश आणि शिड्या काय, समोरच्याकडेही आहेत. थोडक्यात, कॉम्प्युटरमधल्या त्या कृती म्हणजेच आमचं दुकान, आणि खरं सांगायचं तर बायकोचं सगळं उमेदीचं वय.

बायकोचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतो. नेमकं काय, हे त्याच्या लग्नात विचारायचं राहून गेलं आणि आता विचारणं बरं दिसत नाही. तो एकदा दुकानात आला, आमच्या कॉम्प्युटरकडे पाहून त्याने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "दाजी, सगळं ह्या एका डबड्यात? उद्या आग लागली तर? चोरी झाली तर?" त्याने इतक्या प्रकारे आमच्या दुकानाचा नाश करून दाखवला की मला घाम फुटला. मग त्याने एका बड्या कंपनीचं नाव घेतलं. क्लाउड. त्यांच्या इमारतींना पहारा असतो, त्यांची वीज जात नाही. "मूळ माल तिथे. त्याचा बॅकअप तिथेच. आणि त्या बॅकअपचा बॅकअप त्यांच्याच जादा सुरक्षित योजनेत. दाजी, तिहेरी संरक्षण!" राजेरजवाड्यांनाही नव्हतं ते संरक्षण मला मिळतंय म्हटल्यावर मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

बायको डब्याचं झाकण ठोकत होती. ठोकता ठोकता म्हणाली, "सगळं त्यांच्याकडेच?"

"ताई, त्यांच्याकडे म्हणजे तीन वेगवेगळ्या शहरांत!"

"हो, पण दार एकच ना?"

मी आणि मेहुण्याने एकमेकांकडे पाहून मंद स्मित केलं. तिला शांतपणे समजावलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे साहेब त्या वेळी तिथेच होते. एका मोठ्या कार्यालयातून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज आमच्या दुकानात फुकट पेपर वाचतात आणि त्या बदल्यात सल्ला देतात. ते म्हणाले, "वहिनी, प्रती पाहिजेतच. आमच्या ऑफिसात प्रत्येक कागदाच्या चार प्रती असायच्या."

"कुठे असायच्या?" बायकोने विचारलं.

"एकाच कपाटात. शोधायला सोपं."

पुढे कंपनीच्या पानावर माहिती भरायची वेळ आली. धंद्याचं अकाउंट होतं. आधी धंद्याचं नाव विचारलं, मग धंद्याचा पत्ता, मग धंद्याचा फोन. आणि मग जन्मतारीख. आता मला सांगा, ओळीने धंद्याबद्दल विचारत आलेला माणूस मध्येच माझ्या जन्मात का शिरेल? मी दुकानाच्या उद्घाटनाची तारीख टाकली. साहेब मागे उभे राहून बघत होते. "बरोबर," ते म्हणाले. "उत्तरात सुसंगती हवी." मेहुण्याने शेवटी दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून टाकलं. दोन ठिकाणी ठेवलं की गोंधळ होतो, आणि पुसल्यामुळे म्हणे कॉम्प्युटर हलका झाला. मला तो उचलून पाहायचा मोह झाला होता.

त्यानंतर बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस मला एक ईमेल आली. 'प्रिय बालमित्रा,' अशी सुरुवात. मुलांच्या मासिकाची जाहिरात असणार म्हणून मी ती पुसली. काही दिवसांनी आणखी एक आली, तीत हात हलवणारा ससा होता. 'तुझी खेळणी लवकरच आवरून ठेवली जातील. जवळच्या मोठ्या माणसाला बोलाव.' मी तीही पुसली. अशा बऱ्याच आल्या. ह्या ईमेली निस्तरण्यात मी इतका तत्पर होतो की एकही शिल्लक ठेवली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आतल्या बोळाला आणि दोन खोल्यांना 'ताप उतरला' लावायला घेतला होता. काम निम्म्यावर आलं आणि डबे संपले. दोन खोल्यांतल्या बायका तान्ह्या बाळांसकट एकाच खोलीत दाटीवाटीने ठेवलेल्या, त्यामुळे घाई होती. पेंटर डबे न्यायला आला. तो इतका उंच आहे की सगळे त्याला शिडी म्हणतात आणि तोही स्वतःची ओळख तशीच करून देतो. बायकोने कॉम्प्युटर उघडला, आणि पडद्यावर ससा आला.

ससा हात हलवत होता. खाली लिहिलं होतं, की जन्मतारखेवरून हे अकाउंट एका लहान मुलाचं असल्याचं आढळून आलं आहे, तरी कृपया पालकांना बोलवावे.

शिडीने वाकून वाचलं. "शेठ, तुम्हाला लहान मुलगा आहे होय? बोलला नाहीत कधी."

"मुलगी आहे. लग्न झालंय तिचं."

मी कंपनीला फोन लावला. आधी एका यंत्राने मला बरीच बटणं दाबायला लावली, मग एका बाईंचा गोड आवाज आला. माझा अकाउंट नंबर ऐकताच तो आणखी गोड झाला.

"बाळा, घरात कुणी मोठं आहे का?"

"मीच मोठा आहे. बावन्न वर्षांचा आहे मी."

"हो का? सगळी मुलं असंच सांगतात हं."

"अहो, माझा आवाज ऐका!"

"सर्दी झालीये का?"

मी ओळखपत्र पाठवतो म्हणालो. पण ओळखपत्रावरची तारीख अकाउंटवरच्या तारखेशी जुळायला हवी. मग अकाउंटवरची तारीख बदला, म्हटलं. तर ती बदलायचा हक्क फक्त सज्ञान माणसाला. मग मी सज्ञान आहे हे कसं सिद्ध करू? ओळखपत्र पाठवा. असं आम्ही दोघं गोल गोल फिरत राहिलो. दुकानात तोवर पाच-सहा माणसं जमली होती आणि त्यांतलं कुणीही रंग घ्यायला आलेलं नव्हतं.

"नियम मोडून काही होणार नाही," साहेब पेपर खाली ठेवत म्हणाले. त्यांनी पेपर खाली ठेवला म्हणजे प्रकरण गंभीर आहे असं आम्ही समजतो. "आईंना बोलवा. पालक हयात असताना धावपळ कशाला?"

आई आली. तिला थोडं कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवावा लागला. जमलेल्या मंडळींची त्यामुळे चांगली सोय झाली.

"आजी, मूल तुमचंच ना?"

"हो, थोरला."

"किती वर्षांचा आहे?"

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला गलबलून आलं. "वय कसलं हो विचारता? अजून मोजे शोधून द्यावे लागतात त्याला."

"असतंच ह्या वयात. पडद्यासमोर किती वेळ बसतो?"

"दिवसभर! जेवायला दहा हाका माराव्या लागतात."

"एक तास पुरे, आजी. डोळे खराब होतात."

"झालेत की! जाड भिंगाचा चष्मा आहे," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "ऐकलंस का रे? ह्या बाईसुद्धा तेच म्हणतायत."

शिडी भिंतीकडे तोंड करून हलत होता. मी हातातली रक्तदाबाची गोळी बत्तीस दातांनी चावून खाल्ली. पण खरं सांगतो, आई तिथे उभी राहून माझ्यासाठी भांडली. तिला क्लाउड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पोराची काहीतरी वस्तू कुणीतरी अडवून ठेवलीय, एवढंच तिला कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. शेवटी कंपनीने तिची हमी मान्य केली आणि अकाउंट उघडलं.

आत काहीच नव्हतं.

"बाई, आमचे रंग कुठेत?" मी विचारलं.

"मुलांची माहिती आम्ही ठेवत नाही. नियम आहे. मुदत संपली की पुसतो."

"बॅकअप?"

"तोही."

"बॅकअपचा बॅकअप?"

"तो आधी. अर्धवट काम नसतं आमच्याकडे." मग त्या बाई थांबल्या. बहुधा इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना माझ्या आवाजातला माणूस ऐकू आला. गोडवा गेला आणि साधा, थकलेला आवाज आला. "सर, तुमच्याकडे दुसरीकडे कुठे प्रत असेल ना? आमच्या बाहेर? करारातच लिहिलंय हो, स्वतःची प्रत स्वतः ठेवा म्हणून. कुणी वाचत नाही. माझ्या भावानेही वाचलं नव्हतं." त्यांनी मनापासून माफी मागितली. चूक त्यांच्या एकटीची नव्हती, तरी मागितली. त्यांचेही आभार.

बायको उपड्या डब्यावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मेहुणा धावत आला, दारातच उभा राहिला आणि त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मी तयार ठेवलेली वाक्यं मला गिळावी लागली. बायको म्हणाली, "'शाळा सुटली'मध्ये लाल होता थोडासा. किती ते आठवत नाहीये मला." मग फडकं घेऊन ती यंत्र पुसत बसली. यंत्र स्वच्छच होतं.

मला त्या क्षणी जे वाटलं ते विनोदी कसं करून सांगावं हे मला अजून जमलेलं नाही. एका माणसाचं इतक्या वर्षांचं बारीक काम होतं ते. मी ते उचलून एकाच दारामागे ठेवलं आणि त्या दारावर चुकीची तारीख लिहिली.

सगळे आपापल्या परीने सांत्वन करत होते. साहेब म्हणाले, त्यांच्या ऑफिसातही एकदा कपाट जळालं होतं, चारही प्रतींसकट. एक जण म्हणाला, पोलिसांत जा. दुसरा म्हणाला, पोलीस आधी आईचा जबाब घेतील. ह्या गदारोळात बायको कधी उठली ते कळलंच नाही. रंग ओळखायचं एक मुठीएवढं यंत्र आमच्याकडे आहे. कुणी खिडकीच्या पडद्याचा तुकडा घेऊन आलं की त्यावर टेकवायचं, ते अंदाजे कृती सांगतं. ते तिने पिशवीत टाकलं, दोन रिकामे डबे शिडीच्या हातात दिले आणि चालू लागली. मी मागे धावलो.

हॉस्पिटलच्या बोळात निम्मी भिंत आमच्या हिरव्या रंगाची होती. आम्ही जिच्या नावाने दुकानात रडत होतो ती कृती तिथे वाळून तयार उभी होती. बायकोने यंत्र टेकवलं. अंदाज आला, पण अंदाजच. तिने दुकानात जाऊन वाटीभर रंग बनवला, भिंतीवर एक ठिपका लावला आणि वाळायची वाट पाहिली. ठिपका वेगळा दिसला. थेंब बदलले, पुन्हा ठिपका. तोवर खोलीतल्या बाळंतिणी बाळं खांद्यावर घेऊन बाहेर आल्या होत्या. प्रत्येकीचं मत वेगळं. एक म्हणे निळा जास्त झाला, दुसरी म्हणे मान तिरकी करून बघा. नर्सबाई विजेरी धरून उभ्या. पुढचा ठिपका वाळला आणि शिडी म्हणाला, "वहिनी, लावलात कुठे तो?"

कुणालाच सापडेना. बायकोने भिंतीवरून हात फिरवला आणि हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. "म्हणजे रंग हरवला नव्हता तर," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे होता. माझ्या घरीही तुमच्या रंगांच्या दोन खोल्या आहेत. संध्याकाळी येऊन घेऊन जा."

तिथून जे सुरू झालं त्याला मोहीम म्हणावं की भीक मागणं, मी अजून ठरवलेलं नाही. ज्यांची ज्यांची आठवण झाली त्यांच्या दारात आम्ही उभे राहिलो. "तुमची भिंत जरा बघू का?" असं परक्या घरात विचारणं सोपं नसतं. एका घरी मला घरपट्टीच्या मोजणीचा कर्मचारी समजून बाईंनी खोल्या कमी सांगितल्या. शिवाय उघड्या भिंतीवरचा रंग उन्हाने उडालेला असतो, खरा रंग कपाटामागे. म्हणजे चहा नको म्हणायचं आणि कपाट हलवता का म्हणायचं. पण लोकांनी कपाटं हलवली! कंबर धरून, घाम पुसत, "अहो, त्यात काय," म्हणत हलवली. एकाही घराने नाही म्हटलं नाही. चहाही चुकला नाही.

आणि कपाटांमागे काय काय निघालं म्हणता! एका ठिकाणी दातांची कवळी निघाली, जिच्यासाठी तीन भावांनी एकमेकांवर संशय घेतला होता. दुसऱ्या घरी कपाटाची किल्ली त्याच कपाटामागे मिळाली. साहेब आमच्याबरोबर "थोडं डावीकडे, थोडं डावीकडे" म्हणायला यायचे. त्यांच्या स्वतःच्या घरी कपाट सरकवल्यावर निरोप समारंभात मिळालेलं मनगटी घड्याळ निघालं. ते सुनेने हलगर्जीपणाने कचऱ्यात टाकलं असं त्यांनी अख्ख्या इमारतीला सांगितलेलं होतं. साहेब घड्याळाकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, जरा येतेस का?" मला वाटतं, त्या आठवड्यात लोकांनी आमचे जितके आभार मानले तितके रंग विकून कधी कुणी मानले नव्हते.

बातमी पसरली आणि लोक आपणहून यायला लागले. कुणी पोपडा रुमालात बांधून आणला, कुणी विजेच्या बटणांच्या पाटीचं रंगाचे शिंतोडे पडलेलं झाकण. एक बाई हातगाडीवर खिडकीचं दार घेऊन आल्या, कारण त्या घर बदलून गेल्या होत्या आणि नव्या मालकाशी त्यांचं बोलणं नव्हतं. दार त्यांनी कसं मिळवलं ते मी विचारलं नाही. आणि एका सकाळी शिडीने काउंटरवर एक पँट ठेवली. ती तो कामावर घालायचा. ती उभी राहत होती. "कधी धुतली नाही," तो अभिमानाने म्हणाला. "बायको रोज फेकायला निघते. बघा, तुमचं काय सापडतंय का." उजव्या गुडघ्यावर 'शाळा सुटली' होता. मांडीवर 'सासूबाई झोपल्या' जाडसर थरात मिळाला. ती पँट दोन दिवस दुकानात टांगलेली होती आणि एका गिऱ्हाइकाने तिची किंमत विचारली.

मधेच आमचं रंग ओळखायचं यंत्र बंद पडलं. इतक्या भिंतींची सवय नव्हती त्याला. तेव्हा रस्त्यापलीकडचा समोरचा, ज्याच्याशी आमचं नातं केवळ एकमेकांच्या गिऱ्हाइकांकडे टक लावून पाहण्याचं, तो स्वतःचं यंत्र घेऊन आला. म्हणाला, "ठेव. काम झालं की दे." दारापर्यंत जाऊन परत फिरला. आवाज खाली करून त्याने विचारलं, "एक सांग. आता प्रत कुठे ठेवणार आहेस तू? माझंही सगळं त्याच कंपनीत आहे रे. आणि जन्मतारीख कुणाची टाकली ते मला आठवत नाहीये."

तेव्हा आता व्यवस्था अशी आहे. क्लाउड आहेच, तो काही वाईट नाही, फक्त तिथे माझं खरं वय टाकलंय. पण एक प्रत छोट्या डिस्कवर समोरच्याच्या दुकानात असते आणि त्याची माझ्याकडे. दोन्हींना मेहुण्याने असं कुलूप घातलंय की परक्याला उघडता येत नाही. मी एकदा प्रयत्न करून पाहिला, येत नाही. तिसरी प्रत आईच्या कपाटात, औषधांच्या डब्याशेजारी. कंपनीला दिलेला शब्द ती पाळते. महिन्याच्या सुरुवातीला डिस्क माझ्यासमोर आपटून विचारते, "नवीन घातलंस का यात? आणि उघडतंय का ते दाखव." मग मेहुणा येतो आणि प्रत्येक डिस्कमधून एक एक रंग काढून खरोखर डबा बनवून दाखवतो. नुसती प्रत असून भागत नाही, ती उघडावी लागते, हे त्याने आता मनावर घेतलंय. साहेबांनी चौथी प्रत त्यांच्या कपाटात ठेवायची तयारी दाखवलीय. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो.

सगळेच रंग परत आले असं नाही. काही घरं पडली, काही रंगांवर दुसऱ्या कुणाचा रंग चढला.

शेवटी राहिलं होतं एका म्हाताऱ्या शिंप्याचं घर. दुसऱ्या मजल्यावर एकच खोली, मशीन खिडकीशी, ते एकटेच. आम्ही गेलो तेव्हा उन्हं कलली होती. खिडकीसमोरची भिंत फिकट गुलाबी होती. गुलाबीही म्हणता येणार नाही. ऊन पडलं होतं तिथे ती उबदार वाटत होती आणि कोपऱ्यात एकदम शांत.

"ही गेल्यावर पोरं म्हणाली, रंग बदला, बरं वाटेल," शिंपी म्हणाले. "मी म्हटलं, अरे, हा रंग तुमच्या आईने तासभर त्या बाईंचं डोकं खाऊन करून घेतलाय."

"आठवतात मला," बायको म्हणाली. "दोनदा परत आणला होता डबा."

"तीनदा," म्हातारबुवा हसले. "तिसऱ्यांदा मी जिन्यातच थांबलो होतो. लाज वाटली मला."

बायको भिंतीसमोर उभी होती. पिशवी हातातच होती. "मी हा डब्यातच पाहिला होता," ती म्हणाली. "सगळेच मी डब्यात पाहिलेले. झाकण ठोकायचं आणि द्यायचं. भिंतीवर कसे दिसतात ते ह्या महिन्यात पाहतेय मी. त्यांच्यासमोर लोक कसे बसतात, ते."

"मग बसा की," म्हातारबुवा म्हणाले आणि त्यांनी मशीनपुढचं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

ती बसली. मी दाराशी उभा राहिलो. ऊन भिंतीवरून हळूहळू वर सरकत गेलं, रंग बदलत गेला. यंत्र पिशवीतून काढायचं राहूनच गेलं. जिना उतरताना मला ते आठवलं आणि मी म्हटलं, "अगं, रंग घ्यायचा राहिला की!"

"उद्या येऊ परत," ती म्हणाली. वरून म्हातारबुवांनी ऐकलं असावं. कठड्यावरून वाकून ते म्हणाले, दुपारनंतर या, तेव्हा ऊन चांगलं असतं.